फाईलला बाळ हवंय

आमच्या ऑफिसात दुपारचा डबा शांतपणे खाल्लाय असा एक दिवस मला आठवत नाही. पहिला घास तोंडात जातो आणि कुणीतरी दार ढकलून आत येतं. ते जे काही बोलून जातं, त्यावर पुढचे चार दिवस आमचं जेवण होतं. नवरा म्हणतो, तू डबा रिकामा आणि डोकं भरून घरी येतेस. खरं आहे. आता डोक्यात जागा उरली नाही, म्हणून थोडं इथे ओतते.

ऑफिस म्हणजे वसई स्टेशनच्या वेस्टला, एका केकच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. आत आमचे सर, फोनवर सिंथिया आणि कागदपत्रं तपासायला मी. बँकेतून व्हीआरएस घेतली, घरी बसवेना, म्हणून इथे आले. लग्न करून कॅनडाला जाणाऱ्यांच्या फायली हे आमचं मुख्य काम. नवरा तिकडे, बायको इकडे आणि मधे आम्ही.

सर स्वतः देशाबाहेर एकदाच गेलेत. नेपाळला. तिथे व्हिसासुद्धा लागत नाही! पण बोलायला लागले की वाटावं, कॅनडा यांनीच वसवला.

पूर्वी मला वाटायचं, या कामात मुख्य भानगड कागदांची असणार. छे! मुख्य भानगड पोटाची. सुनेच्या. मूल आत्ता व्हावं की नंतर, इथे व्हावं की तिथे, त्याने फाईल पळेल की अडेल, यावर आमच्या बाकड्यावर बसून प्रत्येक जण बोलतो. जिला ते व्हायचंय, ती तेवढी पाण्याची बाटली घेऊन कोपऱ्यात बसलेली असते.

* * *

विरारचे एक काका आले होते. सरकारी खात्यातून रिटायर झालेले, त्यामुळे घरातही सगळं खात्यासारखंच. मुलगा कॅनडात, सून इकडे, तिची फाईल आमच्याकडे.

आता यात एक बारीक गोष्ट असते. व्हिसाच्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे काढतात. बाई गरोदर असेल तर बहुतेक वेळा तो बाळंतपणानंतरवर ढकलतात आणि फाईल तेवढी थांबते. थांबते, रद्द होत नाही. आभाळ कोसळत नाही. हे मी काकांना अगदी सावकाश समजावून सांगितलं.

काकांनी चष्मा पुसला. म्हणाले, "मॅडम, आम्ही पूर्ण विचार केलाय. मेडिकल होईपर्यंत प्रेग्नंट राहायचं नाही. मेडिकल झालं की मात्र लगेच राहायचं."

सिंथियाने फोन खाली ठेवला. "आम्ही म्हणजे कोण कोण, काका?"

काकांना त्यात काहीच खटकलं नाही. बोटांवर मोजत म्हणाले, "मी, आमची ही, मुलगा आणि थोरले जावई. जावई फार्मामध्ये आहेत ना, त्यांचं मत घ्यावंच लागतं."

"आणि सूनबाई?"

"तिला कळवू की!"

* * *

स्वप्नाली पहिल्यांदा आली तेव्हा सासू पुढे आणि ती मागे, अशी आली. माहेर तुळिंजचं. घरीच दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घ्यायची, लग्नानंतर विरारला सासरी. नवरा निखिल कॅनडात. लग्न करून, हनिमूनला महाबळेश्वर उरकून, पाहुण्यासारखा परत गेलेला.

सासूबाईंचं नाव मंगलाताई. त्यांच्या पर्सचा आवाज आधी येतो, मग त्या येतात. त्या दिवशी रडकुंडीला आल्या होत्या. कॅनडाहून ईमेल आला होता: हे लग्न खरं आहे याबद्दल आम्हाला शंका वाटते, अजून पुरावे द्या.

"शंका? आमच्या लग्नाला चारशे पान उठलं होतं!" मंगलाताई सरांना ओरडून सांगत होत्या, जणू सरांनीच तो ईमेल केला होता.

पुरावा म्हणून नवराबायकोचं चॅट मागितलं. प्रिंट मी काढली, म्हणून वाचावं लागलं. आणि खरं सांगते, वाचून मला तो ईमेल पाठवणाऱ्या ऑफिसरचा काही दोष दिसेना. "जेवलीस?" "हो." "मम्मी जेवली?" "हो." "मम्मीची बीपीची गोळी?" "दिली." "गुड." पानंच्या पानं हेच. एवढं तर मी आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनशी बोलते.

मी सरांना हळूच म्हटलं, "सर, हे पाठवलं तर जी काही थोडी आशा आहे तीही जाईल."

सरांनी खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. मोठी आयडिया येणार असली की ते असं करतात. मग डोळे उघडून म्हणाले, "मंगलाताई, या फाईलमध्ये एक बाळ टाका."

बाळ टाका! भाजीत मीठ टाका म्हणावं तसं!

मंगलाताईंचे डोळे लगेच पुसले गेले. "होईल, सर. निखिलला बोलावून घेते." आणि त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. स्वप्नाली शेजारीच बसली होती. तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. तिने बघितलं ते माझ्याकडे, आणि मी, एवढी बोलणारी बाई, त्या क्षणाला स्टेपलरच्या पिना शोधत बसले. संताप आला की माझं असंच होतं.

* * *

उलटाही प्रकार असतो. निर्मळच्या बाजूची एक ख्रिश्चन आजी आली, अंगावर ते लालभडक लुगडं, गळ्यात रोझरी. सोबत नात. नातीचं लग्न ठरलेलं, मुलगा कॅनडात. फाईल लवकर लागावी म्हणून कोर्टात लग्न रजिस्टर केलेलं आणि चर्चमधलं लग्न ठेवलं डिसेंबरात, सगळे पाहुणे येतील तेव्हा. मधल्या काळात जावई सुट्टीवर येऊन गेला. आणि नातीला दिवस राहिले.

सर तर खुर्चीतून उठलेच. "अभिनंदन! लग्न खरं असल्याचा याहून मोठा पुरावा नाही! लगेच कळवू या."

आजीचा चेहरा दगडासारखा. सिंथिया तिच्याच गावाकडची. दोघी आपल्या बोलीत बराच वेळ बोलल्या, मला निम्मंही कळलं नाही. शेवटी सिंथियाने हसू दाबत भाषांतर केलं. कायद्याने लग्न झालंय, पण चर्चमध्ये झालेलं नाही, म्हणजे गावाच्या हिशोबाने मुलगी अजून कुंवारच. डिसेंबरात पोट दिसणार. तेव्हा आजीचं म्हणणं होतं की कॅनडाला काय सांगायचं ते सगळं सांगा, आपल्या चर्चच्या पॅरिशमध्ये मात्र चकार शब्द नको!

सरांना तेवढ्यावर थांबता येईना. म्हणाले, "उलट आपण फादरचंच एक पत्र जोडू. मुलगी गरोदर आहे, मी दोघांना ओळखतो, लग्न खरं आहे. काय वजन पडेल!"

आजी उठली आणि नातीचा हात धरून सरळ जिना उतरली.

पुढे लग्नच अलीकडे ओढलं. चर्चमध्ये जाहीर करायला कसलंसं कारणही सापडलं. पण गाऊन शिवणाऱ्या टेलरला माप दोनदा सैल करायला सांगितलं, तेव्हाच साऱ्या गावाला कळलं होतं. कॅनडाला सगळ्यात शेवटी कळलं!

* * *

चांदीपची एक आई. शेतीवाडीवाली, आवाज खणखणीत. तिची मुलगी सातव्या महिन्यात आणि व्हिसा येण्याच्या बेतात. नवरा तिकडे, सासू वसईत.

आई सरांना म्हणाली, "साहेब, तेवढा व्हिसा थोडा मागे ढकला. पहिलं बाळंतपण माहेरीच होणार आमच्यात. बाळंत होऊ दे, चांगली शेकूनबिकून, डिंकाचे लाडू खाऊन, मग पाठवते."

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला सासू. ती म्हणाली, "अजिबात नाही! व्हिसा आजच्या आज काढा. बाळ तिकडे जन्मलं की जन्मतःच तिकडचं. आपोआप पासपोर्ट!"

"तिकडे तिला शेकणार कोण? बर्फ?"

"मी जाणार आहे!"

"तुम्ही? तुम्हाला साधा काढा करता येत नाही, पोरगी सांगते मला."

सर दोघींच्या मधे मान हलवत बसलेले, टेनिसची मॅच बघावी तसे. व्हिसा पुढे ढकलणं किंवा आजच्या आज काढणं, दोन्हीपैकी एकही त्यांच्या हातात नाही. पण "माझ्या हातात नाही" हे वाक्य सर कुठल्याच क्लायंटसमोर म्हणत नाहीत. त्यांनी दोघींना "बघतो" म्हणून सांगितलं!

शेवटी मलाच राहवेना. त्या पोरीला विचारलं, "अगं, तुला काय वाटतं? कुठे व्हावं?"

पोरगी काय बोलते इकडे सगळ्यांचे कान लागले.

"मला ना मॅडम," ती खाली बघत म्हणाली, "मघापासून विचारायचं होतं. बाथरूम कुठंय?"

* * *

निखिल आला. आईने बोलावलं म्हणून आला आणि सुट्टी संपली म्हणून गेला. आता सगळ्यांचे डोळे स्वप्नालीवर. आणि इथे मंगलाताईंनी जी कमाल केली ती मी जन्मात विसरणार नाही. दर महिन्याला त्या आमच्या ऑफिसात फोन करायच्या.

"मॅडम, सरांना निरोप द्या. या महिन्यातपण नाही."

पहिल्यांदा मला कळेचना. मी विचारलं, "काय नाही?"

"अहो, बसली ना ती बाजूला!"

एका मुलीची पाळी आली, हा निरोप व्हिसाच्या ऑफिसात! वर सर तो फाईलवर पेन्सिलीने लिहून ठेवायला सांगायचे, "फॉलो-अप" म्हणून. मी एकदाही लिहिलं नाही. सिंथियाने तर पुढे मंगलाताईंचा नंबर दिसला की फोन उचलणंच सोडलं.

इकडे मंगलाताईंनी वैद्य केला, डॉक्टर केला, गडावर जाऊन देवीला नवस बोलल्या. नवससुद्धा कसा, तर "व्हिसा येऊ दे, त्यासाठी नातू दे." देवीलाही यांनी आमच्या ऑफिसात कामाला लावलं!

एकदा स्वप्नाली एकटीच आली, फोटो द्यायला. सर बाहेर गेले होते. मी चहा मागवला. चहा घेता घेता ती एकदम म्हणाली, "मॅडम, मी गोळ्या घेते. मूल होऊ नये म्हणून. निखिल आला त्याच्या आधीपासून."

मी कप खाली ठेवला.

"मला मूल नको असं नाही. मला खूप आवडतात मुलं. पण मी त्याला विचारलं, तुला बाळ हवंय का रे? तर म्हणाला, फाईलला हवंय ना." ती हसली. "मोठं झाल्यावर त्याने विचारलं, आई, मी कशाला झालो, तर काय सांगू? पुरावा कमी पडत होता?"

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी घेतलं. त्या पोरीचं सगळं टांगणीला लागलं होतं. गोळ्यांचं कळलं असतं तर सासरचं दार बंद. मूल होऊ दिलं असतं तर आयुष्यभराची गाठ, अशा माणसाशी ज्याला ती अजून ओळखतही नव्हती. आणि व्हिसा नाकारला गेला असता तरी खापर तिच्याच डोक्यावर फुटलं असतं, हिला मूल झालं नाही म्हणून. तिने मला शपथबिपथ घातली नाही. मीही कुणाला बोलले नाही, सिंथियालासुद्धा नाही. आमच्या ऑफिसात एखादी गोष्ट पोटात ठेवायची ती माझी पहिलीच वेळ.

* * *

सरांचं "फोटो हवेत, प्रसंगांचे फोटो हवेत" हे पालुपद ऐकून विरारच्या दुसऱ्या एका घराने परस्पर जो पराक्रम केला, तो सांगते.

ती मंडळी फोटोंचा गठ्ठा घेऊन आली, चेहऱ्यावर नुसता विजय. सुनेचं डोहाळेजेवण! हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, ओटी भरणाऱ्या बायका. नवरा कॅनडात, तर त्याचा व्हिडिओ कॉल लावून टॅब झोपाळ्यावर सुनेशेजारी ठेवलेला. कुणा हौशी आत्याने त्या टॅबलाही हार घातलेला. फोटोत बघताना वाटत होतं, बिचाऱ्याचं वर्षश्राद्धच चाललंय!

मी सुनेकडे बघितलं. समोर बसलेली, चांगली सडपातळ.

"आणि... बाळ?"

सासू गालात हसली. "उशी हो, मॅडम. सोफ्याची. काय बेमालूम बसली की नाही?"

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, असलं खोटं आम्ही पाठवत नाही, पकडलं गेलं तर मुलीला वर्षानुवर्षं व्हिसा मिळायचा नाही. त्यांना ते पटेना. सासरे म्हणाले, कोण कशाला पकडतंय?

तेव्हा मी विचारलं, "मुलगा शेवटचा घरी कधी आला होता?"

"गेल्या वर्षी. होळीला."

"आणि हे डोहाळेजेवण?"

"आत्ता, नवरात्रात."

"मग मोजा की," मी म्हटलं. "पासपोर्टवर शिक्के असतात. तिकडच्यांनाही मोजता येतं. हे फोटो पाठवले तर लग्न खरं असल्याचं नाही, भलतंच काहीतरी सिद्ध होईल."

सगळं घर बोटांवर मोजायला लागलं. सासऱ्यांचं मोजून झालं आणि ते गोरेमोरे झाले. मग सासूचं झालं. तिने हळूहळू मान वळवली आणि सुनेकडे अशा काही नजरेने पाहिलं, की ती पोरगी घाबरून ओरडली, "आई, उशी होती ती!"

* * *

पाचूबंदरची एक मावशी आहे, मासळीवाली. तिच्याकडे गाडं उलटं. सून नर्स, ती कॅनडात, आणि नवरा इकडे, आईजवळ, व्हिसाची वाट बघत. सून सुट्टीला येऊन गेली, परत गेल्यावर कळलं की दिवस गेलेत. तिचं बाळंतपण तिकडे एकटीने होणार आणि फाईल काही हलेना. मावशी मुलाला घेऊन सरांना जाब विचारायला आली.

"पोर थय, बाप हय! असा कदी आयकला हाय?"

उत्तर नसलं की सर भविष्य सांगतात. म्हणाले, "मावशी, काळजी कशाला करता? बाळ तिकडे जन्मणार म्हणजे ते तिकडचं नागरिक. समजा ही फाईल अडकलीच, तर तुमचा नातूच मोठा होऊन बापाला स्पॉन्सर करेल. मग तर कुणी अडवू शकत नाही!"

मावशी मुलाकडे वळली, तो चांगला चाळिशीकडे झुकलेला.

"आयकलास? तुजा पोर मोठा होनार, दाडी करनार, मंग तुला बोलवनार. तवर काय करशील? चल, जालं विनू!"

* * *

स्वप्नालीला शेवटी मुलाखतीला बोलावलं. दिल्लीला. सरांनी तिला समोर बसवून तयारी करून घेतली.

"मूल का नाही, हे विचारणारच. तू सांगायचंस, ट्रीटमेंट चालू आहे. डॉक्टरांचे रिपोर्ट मंगलाताई देतील. डोळ्यांत थोडं पाणी आलं तर उत्तमच."

"आणि खरं काय ते विचारलं तर?" स्वप्नालीने विचारलं.

"खरं?" सरांनी माझ्याकडे बघितलं, हिला समजवा अशा नजरेने. मी काही समजावलं नाही.

ती गेली आणि आली. कुणाला काही बोलली नाही. मंगलाताईंचे फोन सुरूच, कधी येणार, काय होणार. सर रोज सांगायचे, "मी कोचिंग दिलंय, काळजी नको." मला मात्र घोर लागला होता. रात्रभर झोप नाही असं नाही, पण सकाळी आल्याआल्या आधी ऑफिसचा ईमेल उघडायचे.

आणि व्हिसा आला!

त्या दिवशी मंगलाताई पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन आल्या, मागून स्वप्नाली. सरांच्या टेबलावर फोन उभा करून निखिलला व्हिडिओ कॉल लावला. सरांनी खालून केकही मागवला. केबिनमध्ये मी, सिंथिया आणि कसलीशी चौकशी करायला आलेलं एक नवं जोडपं, सगळ्यांच्या हातांत पेढे.

निखिल स्क्रीनवर खूश. "थँक यू, सर. मम्मी, थँक यू." बायकोचं नाव अजून आलं नव्हतं. मग म्हणाला, "आणि मम्मी, आता ते बेबीचं राहू दे हां. इकडे वन बेडरूम आहे. डे-केअरचं टेन्शन. दोन-तीन वर्षं नकोच."

"बरं बाई," मंगलाताई लगेच म्हणाल्या. "नाहीतरी आता काय गरज आहे?"

काय गरज आहे! वर्षभर ज्या मुलीच्या तारखा साऱ्या जगाला कळवल्या, देवीला वेठीला धरलं, तिच्यासमोर ही बाई पेढा चावत म्हणत होती, आता काय गरज आहे! माझ्या हातातला पेढा मी ताटलीत परत ठेवला.

सर रंगात आले होते. त्या नव्या जोडप्याकडे बघून म्हणाले, "स्वप्नाली, यांना सांग. ऑफिसरने मुलाबद्दल विचारलं तेव्हा तू काय उत्तर दिलंस? यांना उपयोग होईल."

"सांगू?" स्वप्नाली म्हणाली.

"सांग ना! लाजतेस काय?"

"त्यांनी विचारलं, मूल का नाही. मी म्हटलं, मी गोळ्या घेते."

मंगलाताईंचा जबडा थांबला. सरांचा हात केकच्या सुरीवर तसाच राहिला.

"मग त्यांनी विचारलं, नवऱ्याला माहीत आहे? म्हटलं, नाही. त्यांनी विचारलं, का घेतेस?" ती मास्तरणीच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलत होती, फळ्यावर गणित सोडवावं तशी. "मी म्हटलं, सर, तुम्हाला या लग्नाबद्दल जी शंका आहे ना, तीच मलाही आहे."



"हॅलो? मम्मी?" स्क्रीनवरून निखिल म्हणाला. "आवाज कट झाला वाटतं. काय म्हणाली ती?"

मंगलाताई बोलायला गेल्या, पण तोंडात पेढा. स्वप्नालीने टेबलावरचा फोन उचलला आणि नवऱ्याचा चेहरा आपल्यासमोर धरला.

"त्यांची शंका फिटली, निखिल," ती म्हणाली. "माझी अजून नाही. बोल."